कोड, काळे उंदीर आणि पांढरी पडणारी कोंबडी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"उंदरांवर प्रयोग यशस्वी, कोडावर रामबाण औषध सापडलं." या अर्थाचं काहीतरी मोबाईलवर घेऊन आमच्या ओपीडीत सतत कुणी ना कुणी येतं. कधी पूर्व भागातल्या मागावर काम करणारे काका, कधी मुलीचं लग्न ठरवायला निघालेली आई, कधी बीएस्सीचा विद्यार्थी. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते, अर्धी असते. कोणत्या प्राण्यावर, त्याला कोड कसं आणलं आणि त्या प्रयोगातून कोणता प्रश्न सोडवायचा होता, एवढं तिच्यात नसतं. ते इथे लिहिलं आहे. तुमच्या डागावर काय लावायचं हे या पानावर मिळणार नाही. त्यासाठी डाग प्रत्यक्ष बघावा लागतो.

कोडात नेमकं काय बिघडतं?

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. इथे आपण रंगपेशी म्हणू. कोडात शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेतल्या सीडी८ जातीच्या टी पेशी या रंगपेशींना परकं समजून मारतात. रंगपेशी गेल्या की तेवढा भाग दुधासारखा पांढरा होतो. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना हा आजार आहे. तो शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही.

आजार माणसाचा आहे, मग प्राणी कशाला हवेत?

डाग डोळ्यांना दिसतो तेव्हा तिथली लढाई बहुतेक आटोपलेली असते. आपण त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंगपेशी नाहीत एवढंच कळतं. त्या कोणी मारल्या, आधी कोण आलं, कुणाच्या बोलावण्यावरून आलं, हे कळत नाही. ते बघायचं तर डाग उठण्याआधीपासून त्वचा रोज तपासायला हवी. माणसात हे जमत नाही, कारण उद्या कुणाच्या कोपरावर डाग उठणार हे आज कुणालाच ठाऊक नसतं. प्राण्यात आजार ठरलेल्या दिवशी सुरू करता येतो. शिवाय शंका असलेला एखादा रेणू पूर्ण काढून टाकून "आता आजार होतो का?" असंही तपासता येतं.

एखाद्या प्राण्याला आपसूक कोड होतं का?

होतं. त्यातली सगळ्यात नामांकित कोंबडी आहे.

१९७१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जे. रॉबर्ट स्मिथ या कुक्कुटशास्त्रज्ञांना तपकिरी कोंबड्यांच्या कळपात एक मादी अशी दिसली की जिची पिसं मोठेपणी पांढरी पडत चालली होती. तिच्यापासून त्यांनी पैदास वाढवली. ही जात आज 'स्मिथ लाइन' म्हणून ओळखली जाते. पिल्लू जन्मतः रंगीत असतं. साधारण ६ ते १४ आठवड्यांच्या वयात बहुतेकांच्या पिसांतला रंग जाऊ लागतो. काहींची नजर जाते, कारण डोळ्यांच्या आतल्या थरातही रंगपेशी असतात. काहींना थायरॉइडचा आजार जडतो. कोड असलेल्या माणसांतही थायरॉइडचे आजार जास्त सापडतात. म्हणूनच आम्ही कोडाच्या रुग्णाला थायरॉइडची रक्ततपासणी लिहून देतो. पैसे काढायला नव्हे.

या कोंबडीची खरी गंमत पिसात आहे. वाढतं पीस उपटलं तर त्याच्या बुडाशी नळीत ओलसर, जिवंत गर असतो. रंगपेशी तिथेच असतात आणि त्यांना मारायला येणाऱ्या टी पेशीही तिथेच जमतात. पीस बुडाकडून वाढतं, त्यामुळे टोक सगळ्यात जुनं. टोक तपकिरी, मधे पुसट आणि बुड पांढरं असं पीस हातात आलं, तर आजार केव्हा सुरू झाला हे त्यावरच वाचता येतं, एखाद्या रोजकीर्दीसारखं. दर थोड्या दिवसांनी एक पीस काढायचं, गर तपासायचा. पक्षी जिवंत राहतो, जागी नवं पीस येतं. आर्कान्सा विद्यापीठात गिझेला अर्फ यांनी याच पद्धतीने वर्षानुवर्षं काम केलं. डाग दिसण्याआधी पिसाच्या गरात काय घडतं ते त्यातून पुढे आलं.

कोंबड्यांना लस दिल्यावर कोड येतं असं वाचलं. मग लसीमुळे कोड होतं का?

नाही. स्मिथ लाइनच्या पिल्लांना मरेक्स रोगाची, म्हणजे टर्की पक्ष्याच्या नागीण कुळातल्या विषाणूची, लस पहिल्या दिवशी दिली तर त्यांच्यात कोडाचं प्रमाण खूप वाढतं. दिली नाही तर बरंच कमी राहतं. पण तीच लस शेजारच्या साध्या जातीच्या पिल्लांना दिली तर एकाचंही पीस पांढरं होत नाही. आपल्याकडे पोल्ट्रीवाले ही लस सर्रास देतात आणि त्यांच्या कोंबड्यांना कोड उठत नाही. अर्थ एवढाच की रक्तात कल आधीपासून असावा लागतो आणि त्याला बाहेरून काहीतरी चेतवावं लागतं. दोन्ही जुळलं तरच आजार. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीलाच कोड का, याचं उत्तरही बहुधा याच दिशेला आहे.

उंदराच्या अंगावर तर केसच केस. त्याला डाग कुठे दिसणार?

फार रास्त प्रश्न आहे. संशोधकही बरीच वर्षं इथेच अडले होते.

प्रयोगशाळेतला काळा उंदीर घ्या. त्याच्या पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला केले तर खालची कातडी गुलाबीसर दिसते. अंगावरच्या त्याच्या रंगपेशी केसांच्या मुळांत असतात, कातडीत नाहीत. कातडीत त्या असतात फक्त कान, शेपटी, तळपाय अशा उघड्या जागी. माणसात उलट आहे: आपल्या रंगपेशी कातडीभर पसरलेल्या असतात आणि कोडात आधी त्याच जातात. त्यामुळे साध्या उंदराला कोड आणलं तर त्याचे केस पांढरे होणार, आणि आपल्याला अभ्यास करायचाय कातडीचा.

यावर तोड निघाली ती अशी. रंगपेशींना जगायला 'स्टेम सेल फॅक्टर' नावाचं प्रथिन लागतं. कातडीच्या पेशी हे प्रथिन तयार करत राहतील असा बदल उंदराच्या जनुकांत केला गेला. मग उंदराच्या कातडीत रंगपेशी टिकून राहिल्या आणि कान, शेपटी, पाय काळेभोर झाले. अशा उंदरात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या जॉन हॅरिस यांच्या गटाने रंगपेशींवरचं एक ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या सीडी८ टी पेशी दुसऱ्या उंदरातून आणून सोडल्या आणि विषाणूच्या साह्याने त्यांना चेतवलं. काही आठवड्यांत शेपटीवर ठिपके ठिपके पांढरे होऊ लागले, कान पांढरे पडले. अंगावरचे केस मात्र काळेच राहिले.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. माणसातही ताज्या डागावरचे केस बऱ्याचदा काळे राहतात. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो, तो उशिरा लुटला जातो. उपचार लागू पडले की डागात आधी केसाभोवती बारीक तपकिरी ठिपके उमटतात, ते याच साठ्यातून आलेले. बोटांची टोकं, ओठ, तळवे इथे केस नाहीत, म्हणून तिथले डाग हट्टी. "बाकी सगळं भरलं, बोटंच का राहिली?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

आणखी एक सांगायला हवं. या उंदरातल्या टी पेशी मुळात कोडासाठी घडवलेल्याच नव्हत्या. मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरवर हल्ला करायला त्या तयार केल्या होत्या. कॅन्सर मारताना निरोगी रंगपेशीही मरत होत्या. कॅन्सरवाल्यांना जो दुष्परिणाम वाटला, तो कोडवाल्यांच्या कामी आला.

या उंदरांमुळे माणसाच्या पदरात काय पडलं?

एक औषध तर नक्की पडलं, आणि ते कसं पडलं हे बघण्यासारखं आहे.

२०१२ च्या सुमारास या उंदरांत दिसलं की टी पेशी 'इंटरफेरॉन गॅमा' नावाचा निरोप्या रेणू सोडतात आणि त्याच्याशिवाय आजार पुढे सरकत नाही. २०१४ मध्ये पुढचा दुवा सापडला: इंटरफेरॉन गॅमामुळे कातडीतून 'सीएक्ससीएल १०' नावाचा रेणू सुटतो आणि तो आणखी टी पेशींना त्या जागी बोलावून घेतो. म्हणजे पहिली तुकडी दुसरीला हाक मारते आणि डाग पसरत जातो. हा रेणू अडवल्यावर उंदरांत आजार थांबला, काहींत गेलेला रंग परतला. कोडाच्या रुग्णांच्या कातडीत आणि रक्तातही तो वाढलेला सापडला, म्हणून हे उंदरापुरतं राहिलं नाही.

इंटरफेरॉन गॅमाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवतात जॅक नावाची विकरं. जॅक अडवणारी औषधं तोवर बाजारात होतीच. रक्ताच्या एका आजारासाठी रुक्सोलिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०११ मध्येच मान्यता मिळाली होती. याच रुक्सोलिटिनिबचं १.५ टक्क्यांचं मलम माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं. २४ आठवड्यांनी मलम लावणाऱ्या १०० पैकी साधारण ३० जणांच्या चेहऱ्यावरचा डाग ७५ टक्के किंवा जास्त भरला. औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांत हा आकडा ७ ते ११ च्या आसपास होता. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली.

१०० पैकी ३०. मला हा आकडा मोठा वाटतो, बऱ्याच रुग्णांना लहान वाटतो. दोघांचंही बरोबर आहे. आणि हे औषध स्वतःच्या मनाने मागवून लावायचं नाही, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या कुळातलं आहे ते.

औषध बंद केलं की डाग नेमका जुन्याच जागी का परत येतो?

उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ४० टक्के रुग्णांत डाग परततो, आणि बहुतेकदा जुन्याच जागी. टी पेशींतल्या काही जणी लढाई संपल्यावर परत जात नाहीत, कातडीतच मुक्काम ठोकतात. मलम त्यांना गप्प बसवतं, हुसकावत नाही. या पेशींना जगायला आयएल-१५ या रेणूचा आधार लागतो. २०१८ मध्ये हॅरिस यांच्याच गटाने उंदरात हा आधार तोडून दाखवला: मुक्कामी पेशी कमी झाल्या आणि औषध थांबवल्यानंतरही रंग टिकला. माणसात तेच घडवणं हे पुढचं काम आहे. "कायमचं बरं करणारं औषध" असा मथळा दिसला की मी आधी बघतो, त्यात मुक्कामी पेशींबद्दल काही आहे का. बहुधा नसतं.

उंदरात बरं झालं आणि माणसात फसलं, असं कधी झालंय?

झालंय, आणि त्याच प्रयोगशाळेत झालंय. कोलेस्टेरॉलसाठी आपल्याकडे अर्धं शहर ज्या कुळातल्या गोळ्या घेतं, त्यातली सिम्व्हास्टॅटिन २०१५ मध्ये या उंदरांना टोचली तेव्हा डाग थांबले, काही भरलेही. स्वस्त, जुनी, ओळखीची गोळी! आनंद व्हावा अशीच बातमी होती. २०१७ मध्ये माणसांवरच्या छोट्या चाचणीचा निकाल आला: काहीही फरक नाही. उंदराला वजनाच्या मानाने जो डोस दिला होता तो माणसाला देताच येत नाही. त्याच्या कितीतरी आधीच स्नायूंना इजा होऊ लागते.

कुणी कोलेस्टेरॉलची गोळी कोडासाठी सुचवत असेल तर हा निकाल त्याला दाखवा.

पांढरा उंदीर म्हणजे कोड झालेला उंदीर का?

नाही. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरात रंगपेशी जागेवर असतात, पण टायरोसिनेज हे विकर बिघडल्याने त्यांना रंग बनवता येत नाही. त्याला वर्णहीनता म्हणतात, ती जन्मापासून असते. तसंच जन्मतः कपाळावर पांढरी बट आणि पोटावर पांढरा पट्टा असणाऱ्या माणसांचाही आजार वेगळा. त्यात रंगपेशी गर्भात तिथवर पोहोचलेल्याच नसतात. अशा उंदरांचाही अभ्यास झाला आहे.

एक गोंधळ मात्र तज्ज्ञांचाही झाला होता. १९८० च्या दशकात एक उंदीर सापडला, जो वयाबरोबर पांढरा होत जायचा. त्याचं नावच 'व्हिटिलिगो माऊस', म्हणजे कोडाचा उंदीर, पडलं. पुढे कळलं की त्याच्यात एमआयटीएफ हे जनुक बिघडलेलं आहे, रंगपेशी आपल्या आपणच मरतात, प्रतिकारयंत्रणेचा हात नाही. नाव तसंच राहिलं. जुन्या लेखांत या उंदरावरचे निष्कर्ष वाचताना विद्यार्थ्यांनी जपून.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. हे कोडच का?

कदाचित नाही, आणि हा प्रश्न सोलापुरात इतक्या बायका विचारतात की जरा सविस्तर लिहितो.

डाग टिकलीएवढाच, गोल, अगदी कडेला कड जुळणारा असेल तर आधी टिकलीच्या गोंदावर संशय घ्यायचा. चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याची रचना टायरोसिन या अमिनो आम्लाशी जुळणारी आहे. टायरोसिन हा रंग बनवण्याचा कच्चा माल. रंगपेशी फसते, त्या रसायनावर प्रक्रिया करायला जाते आणि त्यातून आतल्या आत तिलाच इजा होते. ज्या पेशी रंग बनवत नाहीत त्या शाबूत राहतात. म्हणून कातडी गुळगुळीत, निरोगी, फक्त पांढरी.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती कारखान्यात. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले, नेमके रबरी हातमोजे असायचे तेवढेच. मोज्यांच्या रबरात मोनोबेन्झोन होतं. आज तेच मोनोबेन्झोन मुद्दाम उंदराच्या भादरलेल्या कातडीला लावून कोडासारखा आजार आणतात. त्यात दिसतं असं की जिथे लावलं तिथले केस पांढरे उगवतातच, पण काही उंदरांत न लावलेल्या जागीही. म्हणजे सुरुवात रसायनाने होते आणि नंतर प्रतिकारयंत्रणा तो धागा उचलून पुढे नेते. टिकलीचा डाग काही बायकांत कपाळापुरता राहतो आणि काहींत पुढे इतरत्र उठतो, त्यामागेही असंच काही असावं असं मला वाटतं.

जपानमध्ये २०१३ साली गोरेपणाची क्रीम्स तातडीने परत मागवावी लागली. त्यांतल्या रोडोडेंड्रॉल या घटकामुळे हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर पांढरे डाग पडले होते. मान्यता मिळालेली, दुकानात राजरोस विकली जाणारी क्रीम्स होती ती. कातडीत रंगपेशी टिकवलेल्या उंदरांवर नंतर ते लावून बघितलं तेव्हा रंगपेशी नाहीशा होताना दिसल्या. साध्या काळ्या किंवा पांढऱ्या उंदरात हे दिसलंच नसतं, हे वरचं वाचल्यावर तुमच्या ध्यानात आलं असेल.

करायचं काय? चिकट टिकली आजपासून बंद, ओलं कुंकूही सध्या नको, आणि दाखवून घ्या. लवकर थांबवलं तर बऱ्याच जणींचा रंग परततो. रबरी चप्पलच्या पट्ट्याखाली तसाच पांढरा पट्टा उठला असेल तर चप्पल सोबत आणा.

आमच्या म्हशीच्या अंगावर पांढरे चट्टे आलेत. तिला कोड झालंय का? दूध प्यावं का?

मंगळवेढा, सांगोला, पंढरपूरकडून हा प्रश्न येतोच येतो, कारण पंढरपुरी म्हैस मुळात काळीशार, तलवारीसारख्या लांब शिंगांची. तिच्या अंगावर पांढरं आलं की लांबून दिसतं.

दूध प्या. बिनधास्त.

म्हशींमध्ये चट्टे येण्याचं एक ओळखीचं कारण म्हणजे तांब्याची कमतरता. टायरोसिनेज चालायला तांबं लागतं. चाऱ्यात तांबं कमी असेल, किंवा मॉलिब्डेनम जास्त असल्याने ते अंगी लागत नसेल, तर रंग उतरतो, केस तांबूस-भुरे होतात. पशुवैद्यकाला दाखवून खनिज मिश्रण दिलं की पुष्कळदा सुधारतं. काही जनावरांत मात्र माणसासारखं खरं कोडही सापडलं आहे. आणि बैलाच्या खांद्यावर जू घासून जखम झाल्यावर तिथे पांढरे केस येतात ते तिसरंच. तिथे मुळाशी असलेल्या रंगपेशी जखमेत मेलेल्या असतात.

यावरून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन माणसाचं कोड जाईल असं समजू नका. आपल्या कोडात टायरोसिनेज ठीक असतं, ते बाळगणारी पेशीच मारली गेलेली असते.

दुधावर मासे खाल्ले तर कोड होतं?

नाही.

कुत्रा, मांजर, घोडा यांना होतं का?

रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन टर्व्युरेन या कुत्र्यांत आणि सयामी मांजरांत होतं. बहुतेकदा नाक, ओठ, तोंडाभोवती. कुत्रा मजेत असतो, मालक घाबरलेला असतो.

घोड्याची गोष्ट थोडी निराळी. वरातीत नाचवतात तो पांढरा घोडा बहुतेकदा जन्मतः काळा किंवा तपकिरी असतो आणि वयाबरोबर पांढरा होतो. २००८ मध्ये कळलं की त्यामागे एसटीएक्स१७ जनुकातल्या एका तुकड्याची दुप्पट झालेली प्रत आहे. केस पांढरे, पण खालची कातडी काळी. मात्र याच घोड्यांना मेलॅनोमाच्या गाठी फार होतात आणि अनेकांच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खरे पांढरे डागही उठतात. पुढच्या लग्नात घोड्याच्या नाकपुड्यांभोवती बघा. सिंक्लेअर जातीच्या डुकरांत तर मेलॅनोमा आपोआप विरतो आणि त्याच वेळी डुक्कर पांढरं पडतं. कॅन्सर मारणारी यंत्रणा आणि कोड आणणारी यंत्रणा किती जवळची आहे ते यात दिसतं.

टेन्शनने कोड येतं, हे उंदरात सिद्ध झालंय ना?

जे सिद्ध झालंय ते केसांबद्दल. २०२० मध्ये हार्वर्डच्या एका गटाने काळ्या उंदरांना ताण दिला. त्यातला एक प्रकार म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या कुळातलं एक अतिजहाल रसायन टोचून वेदना देणं. (शेंगा चटणीवर वाढलेल्या सोलापूरकरांनी याने घाबरू नये.) ताणाने मज्जातंतूंतून नॉरएपिनेफ्रिन हे रसायन सुटलं, केसांच्या मुळातल्या राखीव रंगपेशी संपून गेल्या आणि पुढचे केस पांढरे उगवले. पण त्यांनी प्रतिकारयंत्रणेचा हात आहे का हे मुद्दाम तपासलं होतं, आणि तो नव्हता. म्हणजे हा प्रयोग केस पिकण्याचा आहे, कोडाचा नाही. माझ्या अनुभवात मोठ्या आजारपणानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर डाग वाढल्याचं रुग्ण सांगतात, आणि मी ते ऐकून घेतो. पण त्याला या उंदरांचा दाखला लावता येत नाही.

"उंदरांवर सिद्ध झालेलं आयुर्वेदिक तेल" मिळतंय. घ्यावं का?

आधी बाटलीवाल्याला विचारा: कोणता उंदीर?

वनस्पतींवरचे पुष्कळ अभ्यास उंदरावर झालेलेच नसतात. ते उंदराच्या मेलॅनोमातून काढलेल्या, काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशींवर झालेले असतात. अर्क टाकला, पेशी जास्त काळ्या झाल्या, निष्कर्ष: रंग वाढतो. पण त्या जिवंत, धडधाकट रंगपेशी होत्या. कोडाच्या डागात रंगपेशीच नाहीत, मग अर्क काळं कुणाला करणार? झेब्रा माशाच्या पिल्लांवरचे अभ्यासही साधारण याच जातीचे. त्यांचं पारदर्शक अंग २४ तासांच्या आसपास रंगू लागतं, पाण्यात औषध टाकून एका दिवसात निकाल दिसतो, स्वस्तात शेकडो रसायनं चाळता येतात. फार कामाचा मासा आहे. पण त्या वयात त्याच्या टी पेशींची यंत्रणा तयारच झालेली नसते, त्यामुळे कोडाचा हल्ला त्यात दिसूच शकत नाही.

बावचीचं मात्र वेगळं आहे. तिच्या बियांत सोरॅलेन असतं आणि सोरॅलेन अधिक ऊन हा उपचार खरोखर काम करतो. आधुनिक वैद्यकानेही तो उचलला. पण किती सोरॅलेन आणि किती मिनिटं ऊन याचं गणित असतं. एप्रिलमध्ये ४२ अंशांच्या उन्हात, दुपारी गच्चीवर बावचीचं तेल लावून बसलेल्यांच्या अंगावर पोळल्यासारखे फोड येतात, आणि फोड आलेल्या जागी कधीकधी नवा डाग उठतो. पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून जे काम करतं त्यालाच जास्त जपावं लागतं.

कुष्ठरोगाचा अभ्यासही याच प्राण्यांवर होतो का?

उंदीर तेवढा सामाईक, बाकी सगळं वेगळं. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही. तो १९६० पासून उंदराच्या तळपायात वाढवतात आणि नंतर अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यासारख्या कवचाच्या प्राण्यात वाढवू लागले, कारण त्याचं अंग आपल्यापेक्षा थंड असतं आणि जंतूला तेच हवं. हा प्रश्न इथे घेतला तो एवढ्याचसाठी: कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि तिथे बहुधा बधिरपणा असतो. कोडाच्या डागावर मुंगी चालली तरी कळते. शंका असेल तर सिव्हिलला दाखवा. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि तो पूर्ण बरा होतो.

या मुक्या जिवांना त्रास देणं बरोबर आहे का? यावर कुणाचा वचक असतो?

देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखालचे १९९८ चे नियम. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेची केंद्र सरकारच्या समितीकडे नोंदणी लागते आणि संस्थेत स्वतंत्र नीती समिती लागते. किती प्राणी, कोणते, वेदना कशी कमी करणार, दुसरा मार्ग का नाही, हे आधी लिहून द्यावं लागतं. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना २०१४ पासून भारतात बंदी आहे. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी आणि संगणकावरच्या पर्यायी पद्धतींनाही मान्यता मिळाली.

माझं मत विचाराल तर कोडाने जीव जात नाही, म्हणून इथे प्राणी वापरताना हात जास्त आखडता हवा. पण सोळा वर्षांची पोरगी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस आणि स्कार्फ घालून येते, तेव्हा "फक्त दिसण्याचा आजार" हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. पिसाचा गर तपासणारा प्रयोग मला पटतो. पन्नासावा वनस्पती-अर्क पुन्हा त्याच पद्धतीने उंदराला चोळण्याचा पटत नाही.

उंदराऐवजी आमच्यावरच अभ्यास करता येत नाही का?

येतो, आणि हल्ली वाढतो आहे. डागाच्या कडेवर छोटी वाटी लावून निर्वात ओढतात. तासाभरात सुमारे एक सेंटिमीटरचा पाणी भरलेला फोड उठतो. त्या पाण्यात कातडीतल्या टी पेशी आणि त्यांनी सोडलेले रेणू असतात. सुईने पाणी काढून घेतात, टाका लागत नाही. हीच युक्ती आम्ही रंगपेशींच्या रोपणासाठी निरोगी कातडीवर वापरतो, त्यामुळे काहींच्या ती परिचयाची असेल. उंदरात सापडलेला दुवा माणसात खरा आहे का हे तपासायला यासारखी सोपी पद्धत दुसरी नाही.

एखाद्या अभ्यासात भाग घ्यायला कुणी बोलावलं तर संमतीपत्र मराठीत मागा, कन्नड किंवा तेलुगू घरात जास्त समजत असेल तर त्या भाषेत मागा. नमुना कुठे जाणार, फोडाच्या जागी नवा डाग उठण्याचा धोका किती, मधेच नको म्हटलं तर उपचार चालू राहतील का, आणि येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, हे चार प्रश्न सही करण्याआधी विचारा. आजार सध्या पसरत असेल तर अशा फोडाला थांबायला सांगणारा डॉक्टर बरोबर आहे.